आजीच्या डब्यातलं १७८० चं नाणं: कुणी ओळखेल का?

माजघर

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात दापोलीचं घर आवरायला गेले होते. आजीच्या फडताळात बरण्यांच्या मागे एक पितळी डबा निघाला. आत दोन गंजक्या किल्ल्या, चार बिब्बे, जॉर्जछाप पैसे आणि हे एक भलंमोठं नाणं. चांदीचं वाटतंय, रुंदी चार सेंटिमीटरला जराशी कमी.

एका बाजूला भरल्या अंगाची वयस्कर बाई, उजवीकडे बघणारी. डोक्यावरून पदर घेतल्यासारखं वस्त्र, खांद्यावर मोत्यांचं काहीतरी. तिच्या खाली इंग्रजी एस आणि एफ ही अक्षरं. दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा पक्षी, पोटावर ढाल. कडेने मजकूर आहे पण लागत नाही. साल मात्र स्वच्छ: १७८०.

माझे पणजोबा एडनच्या बंदरात कारकून होते, त्यांनी आणलं असावं असं आई म्हणते. दोन डोक्यांचा पक्षी बघून भाऊ म्हणतो गंडभेरुंड आहे, म्हणजे म्हैसूर. शेजारचे काका म्हणतात अडीचशे वर्षांचं नाणं, लाखाच्या खाली हातातून सोडू नका.

फोटो नीट यावा म्हणून अर्धा भाग चिंचेनं घासून घेतलाय.

ढब्बूपैसा

चिंच!! अहो ताई, उरलेला अर्धा भाग आहे तसा ठेवा. हात जोडून विनंती. चांदीवरचा तो काळसर थर म्हणजे मळ नव्हे, नाण्याचं वय त्यातच दिसतं. संग्राहक घासलेलं नाणं बघितलं की आधी मान फिरवतो, मग भाव पाडतो.

आता नाण्याबद्दल. बाई म्हणजे मारिया थेरेसा, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी. नाणं थालर. आपण ज्याला डॉलर म्हणतो तो शब्द या थालरवरूनच आला. पक्षी हॅब्सबर्ग घराण्याचा दुमुखी गरुड. म्हैसूरच्या गंडभेरुंडाशी नातं फक्त डोक्यांच्या संख्येचं.

पण साल १७८० वाचून लगेच हुरळू नका. सालाच्या पुढे एक छोटी तिरकी फुली आहे का? आणि नाणं आडवं धरून कडेवर काही अक्षरं दिसतात का, तेवढं सांगा. उद्या सविस्तर लिहितो, आज डोळ्यांत औषध घातलंय.

टिंब_टिंब

लाखाचं नाणं चिंचेच्या कोळात. आमटीला चव आली असेल.

सराफकट्टा

आमचं तीन पिढ्यांचं दुकान आहे, म्हणून सांगतो. हे नाणं वर्षाकाठी एखाददुसरं येतंच, बहुतेक वेळा रत्नागिरी-रायगडकडच्या घरांतून, ज्यांचे आजे-पणजे एडन, मस्कत, झांझिबारला होते. वजन करून घ्या. पुरं असेल तर २८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, म्हणजे दोन तोळे चाळीस. (जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. राणीछाप, राजाछाप चांदीचा रुपया बरोबर तेवढ्याच वजनाचा असायचा, म्हणून जुने लोक रुपयाच वजन म्हणून वापरायचे.) चांदी हजारात ८३३, त्यामुळे शुद्ध चांदी साधारण २३.४ ग्रॅम. २४-२५ ग्रॅमच भरलं तर नकली धरून चाला.

माजघर

ढब्बूकाका, फुली आहे! मला वाटलं कुणी टोच्याने केलीय. कडेवर उठावाची अक्षरं आहेत, मधे मधे नक्षी.

सराफदादा, वजन २७.७ भरलं, गावातल्याच सोनारकाकांच्या काट्यावर. आणि एक राहिलं सांगायचं, बाईच्या डोक्याच्या वर कडेला राखाडी डाग आहे, डाख दिल्यासारखा.

सराफकट्टा

मग तिथे कडी होती. कुणीतरी गळ्यात घातलेलं नाणं आहे हे. येमेन, इथिओपियाकडे बायका हे थालर माळेत ओवायच्या. कडी काढताना जरा चांदी गेली, जरा गळ्यात घासून गेली. २७.७ ला माझी हरकत नाही.

ढब्बूपैसा

आता बसून लिहितो. चहा घेऊन वाचा.

मारिया थेरेसा वारली नोव्हेंबर १७८० मध्ये. तिच्या हयातीत हे थालर तांबड्या समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर इतके मुरले होते की तिथले व्यापारी दुसरं नाणंच घेईनात. कॉफी द्या, कातडी द्या, पण मोबदल्यात ही बाई पाहिजे. मग टांकसाळीनं सरळ हिशेब केला: राजा बदलू दे, नाणं बदलायचं नाही. सालही नाही. तेव्हापासून १७८० हे साल गोठलं ते गोठलंच. खुद्द ऑस्ट्रियात हे नाणं १८५८ साली चलनातून गेलं, तरी व्हिएन्नाची टांकसाळ बाहेरच्या व्यापारासाठी ते पाडत राहिली. आजही तिथे नवं कोरं १७८० चं थालर विकत मिळतं. बाई वारल्यावर अडीच शतकं तिच्या मृत्यूच्या वर्षाची नाणी निघतायत, कोट्यवधींनी.

एस. एफ. म्हणजे ग्युंझबुर्ग टांकसाळीच्या दोन अधिकाऱ्यांची आद्याक्षरं, शोबल आणि फाबी. तेही केव्हाच गेले, अक्षरं राहिली. कडेवरचा मजकूर लॅटिन आहे, राणीचं ब्रीद: न्याय आणि दया. कडेची ही अक्षरं खोटं नाणं पकडायला फार उपयोगी. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेला जोड दिसतो आणि अक्षरं बसकी, मेणासारखी येतात.

आता खरी गंमत. १९३५ मध्ये मुसोलिनीला इथिओपियावर चढाई करायची होती. तिथे चालणारं नाणं हेच. त्यानं व्हिएन्नाकडून ठसे मिळवले आणि रोममध्ये हे थालर पाडायला लागला. ते बघून इंग्रजांनी १९३६ पासून लंडनला पाडायला सुरुवात केली. पॅरिस, ब्रसेल्स, नंतर बर्मिंगहॅम, सगळे आले. आणि १९४०-४१ मध्ये, पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत स्थानिक लोकांचे पैसे भागवायला लागले तेव्हा हीच बाई पाडली गेली आपल्या मुंबईच्या टांकसाळीत! फोर्टात, रिझर्व्ह बँकेसमोर. सालाच्या जागी अर्थात १७८० च.

माजघर

काय सांगता! म्हणजे माझं नाणं मुंबईत पाडलेलं असू शकतं?

ढब्बूपैसा

असू शकतं. टांकसाळीचं नाव नाण्यावर नाही, म्हणून बारकावे मोजत बसावं लागतं. खांद्यावरच्या ब्रोचमधले मोती, गरुडाच्या शेपटीची आणि पंखांची पिसं, फुलीचा आकार, ठिपक्यांच्या जागा. प्रत्येक टांकसाळीच्या ठशांत यातलं काहीतरी निराळं उतरलं. जुने अरब आणि हबशी व्यापारीसुद्धा मोती मोजूनच नाणं घेत, मोती झिजलेले असले की नाकारत. मोबाईलचा फोटो नाही चालायचा त्याला. दहापट भिंग, खिडकीतला तिरपा उजेड, आणि शेजारी छापील तक्ता.

हालीसिक्का

वाह काका. साल गोठवायची कल्पना आपल्याकडे पण झाली की. राणीछाप रुपया १८६२ चा बघा. १८६२ लिहिलेले रुपये १८७३ पर्यंत पाडत होते. मुंबईवाल्यांनी मागच्या बाजूला बारीक ठिपके टाकून खरं वर्ष सांगायची सोय केली. माझ्याकडचे चार रुपये मी वर्षानुवर्षं एकसारखे समजत होतो. ठिपके मोजले तर चार वेगळी नाणी निघाली. वडील म्हणाले, चाळीस वर्षं डोळे झाकून जमवलंस.

भिंगवाला

माहितीपूर्ण धागा. ठिपक्यावरून आठवलं, पाचव्या जॉर्जच्या रुपयाच्या मागे तळाला कमळ आहे. कमळाखाली उठावाचा ठिपका असला तर मुंबई, नसला तर कलकत्ता. कलकत्त्यानं या रुपयांवर स्वतःची खूण टाकली नाही, आजही टाकत नाही. खिशातली नाणी काढून बघा, सालाखाली चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नाही म्हणजे कलकत्ता.

१९८५ च्या एक रुपयावर सालाखाली एच सापडला तर तो हैदराबादचा नाही हं. बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. तेव्हा आपल्याला नाणी कमी पडत होती, बाहेरून पाडून आणली. नव्वदीच्या शेवटी मेक्सिकोतूनही रुपये आले, त्यांवर एम आणि त्याच्या डोक्यावर इवलंसं वर्तुळ. मला तो मिळाला भाजीवालीकडून सुट्ट्यात, दादरला. दहा वर्षं शोधत होतो.

टिंब_टिंब

घरातली सगळी चिल्लर सांडून बसलोय. बायको विचारते भाडं थकलंय का.

हालीसिक्का

आमच्या मराठवाड्याचं पण येऊ द्या. नांदेडला आजोळी निजामाचे चारमिनारवाले रुपये बघितलेत बऱ्याच जणांनी, हाली सिक्का म्हणायचे त्याला. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असतं. मीम असला तर महबूब अली खान, ऐन असला तर शेवटचा निजाम उस्मान अली. सगळा फरक त्या कमानीत. एवढं एक अक्षर ओळखता आलं की १९११ च्या अलीकडचं का पलीकडचं ते कळतं, बाकी फारसी नाही आली तरी चालतं.

आणि हिजरी सालाचा घोटाळा. ९७ टक्के करा आणि ६२२ मिळवा, दीडदोन वर्षांच्या फरकानं इसवी येतं.

ओसाडवाडी

हालीसिक्का, मी इथेच आपटले होते. माझ्या सासऱ्यांकडे एक तुर्की नाणं होतं, त्यावरचं साल मी १२०० वाचलं आणि सगळ्या गटावर जाहीर केलं. सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचं म्हणून.

हालीसिक्का

ताई, १२५५ असणार :)

मराठी माणसाचा हमखास सापळा. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो. अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका, तो आपण नक्षी समजून सोडून देतो. अरबी सहा इंग्रजी सातासारखा. सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे तोच उलटा. इंग्रजी शाळेतल्या मुलाला हे शून्य-पाचाचं कोडं इतकं छळत नाही, आपल्याला देवनागरीच्या सवयीनं फसवतं.

आणि १२५५ सुद्धा नाणं पाडल्याचं साल नाहीच! उस्मानी सुलतान गादीवर बसला ते साल. १२५५ म्हणजे अब्दुल मजीद. अब्दुल अझीझ १२७७. अब्दुल हमीद दुसरा १२९३. सुलतान आहे तोवर मागे तेच साल राहणार, आणि पुढच्या बाजूला ती जिलबीसारखी सही असते ना, तुघ्रा, तिच्या खाली बारीक आकडा. तो राज्यारोहणानंतरचं कितवं वर्ष ते सांगतो. १२९३ आणि खाली २५ असेल तर १२९३ मध्ये २४ मिळवा, १३१७ हिजरी, म्हणजे १८९९-१९०० इसवी.

ओसाडवाडी

तुघ्र्याखाली १५ आहे. म्हणजे १२६९... १८५२-५३ च्या सुमाराचं. बरं झालं, सासरे हयात असताना लिहिलं नाही. त्यांनी ते १२०० घरभर सांगून ठेवलं होतं.

ऱ्हाइनकाठी

जर्मनीतून हजेरी. इथे मुलगी सुट्ट्या पैशांतून युरो जमवते. जर्मन नाण्यावर सालापाशी एक अक्षर असतं: ए बर्लिन, डी म्युनिक, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरूह, जे हॅम्बुर्ग. मधली अक्षरं का नाहीत असं तिनं विचारलं. बी, सी, ई, एच या टांकसाळी एकोणिसाव्या शतकात होत्या, नंतर बंद झाल्या, अक्षरं रिकामीच ठेवली. मला हे फार आवडलं. आपल्याकडे सोसायटीत पार्किंगचा नंबर रिकामा राहत नाही.

तुमच्या सालाच्या चर्चेत माझी भर. युरो हातात आले १ जानेवारी २००२ ला. पण फ्रान्स, स्पेन, बेल्जियम, नेदरलँड्स आणि फिनलंडच्या नाण्यांवर १९९९, २०००, २००१ अशी सालं सापडतात. त्यांनी पाडलं तेव्हाचं साल घातलं, आणि दोन-तीन वर्षं पोत्यांत भरून ठेवली. जर्मनीनं पहिली सगळी खेप २००२ चीच केली. १९९९ चं फ्रेंच युरो दुर्मीळ म्हणून कुणी विकत असेल तर हसून सोडून द्या.

तसंच ते ग्रीक दोन युरो. २००२ च्या नाण्यावर खालच्या ताऱ्यात बारीक एस असतो. आंतरजालावर दर सहा महिन्यांनी बातमी फिरते की हा एस म्हणजे चुकीचा ठसा आणि किंमत हजारो युरो. एस म्हणजे सुओमी, फिनलंड. ग्रीसला एकट्याला एवढी नाणी वेळेत पाडता येईनात, म्हणून फिनलंडनं मदत केली, काही छोटी फ्रान्सनं केली, त्यांवर एफ आहे. वीस सेंट स्पेननं केले, त्यांवर ई. कोट्यवधी आहेत तसली. मुलगी रडली. मी पण जरासा.

सराफकट्टा

ही अफवांची कीड इकडेही आहेच. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखाला, ट्रॅक्टरची नोट पाच लाखांना. म्हाताऱ्या माणसांकडून आधी 'नोंदणी शुल्क' म्हणून पैसे उकळतात. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये यावर जाहीर सावधगिरीचा इशारा दिला होता, त्यांच्या नावानं कोणी शुल्क मागत असेल तर देऊ नका म्हणून.

आणि ती ईस्ट इंडिया कंपनीची १८१८ ची राम दरबाराची, हनुमानाची नाणी. दर महिन्याला कुणीतरी घेऊन येतो, डोळ्यांत पाणी असतं. कंपनीनं असली नाणी काढलीच नव्हती. कुणीतरी नंतर हौसेनं, श्रद्धेनं पाडलेली टोकनं. देव्हाऱ्यात ठेवा, पूजा करा, विकायला आणू नका.

ओसाडवाडी

अवांतर: पुतळ्यांच्या माळेतल्या पुतळ्या पण परदेशी नाण्यावरून आल्या म्हणतात ते खरं का?

ढब्बूपैसा

अवांतर कसलं, मूळ विषयच आहे. व्हेनिसचं सोन्याचं नाणं होतं, डुकाट. साडेतीन ग्रॅमचं, सोनं जवळजवळ शुद्ध. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या लंबगोलात उभा येशू. व्यापारातून इकडे रग्गड आलं. आपल्या सोनारांनी त्याच्या नकला केल्या आणि नकलांच्या नकला. दोन माणसं म्हणून 'पुतळ्या'. अस्सल कसं ओळखायचं? अक्षरं बघा. सोनाराला लॅटिन येत नव्हतं, त्यानं नुसत्या उभ्या-आडव्या रेघा मारल्या. मजकूर लागला तर व्हेनिस, कुंपण दिसलं तर आपला सोनार. माझ्या बायकोच्या माळेत सगळं कुंपणच आहे. तिला चालतं.

माजघर

मंडळी, दोन दिवस गायब होते, क्षमस्व. आईकडून जुन्या कागदांचं पुडकं आणवलं. पणजोबांची नोकरी एडनलाच होती हे नक्की, शिक्का आहे. तेव्हा एडनला रुपयाच चालायचा आणि १९३२ पर्यंत कारभार मुंबई इलाख्याकडे होता, म्हणून इतके मराठी कारकून तिकडे गेले असं आईचे मामा सांगत.

पण शेवटचा कागद बघून जीव खट्टू झाला. पणजोबा १९३७ च्या पावसाळ्याआधी कायमचे परत आले. बोटीच्या तिकिटाचा अर्धा तुकडा आहे.

ढब्बूपैसा

म्हणजे मुंबई बाद. १९३७ ला तिकडून निघालेल्या माणसाकडे १९४० चं नाणं यायचं नाही. ब्रसेल्सही अवघड, तिथे १९३७ लाच सुरू झालं. उरले व्हिएन्ना, रोम, पॅरिस आणि लंडन. कडी लावून घालण्याइतकं जुनं झालेलं आहे आणि बरंच झिजलंय, म्हणून मी तरी व्हिएन्नावर बोट ठेवेन.

टिंब_टिंब

पण पणजोबांनीच आणलं हे कशावरून? पणजीनं नंतर मुंबईत घेतलं असेल तर?

ढब्बूपैसा

टिंबराव, आयुष्यात पहिल्यांदा मुद्द्याचं बोललात. पण मुंबईत पाडलेली ती नाणी आफ्रिकेसाठी होती, इथल्या बाजारात खपवायला नव्हती. आणि ती येमेनी पद्धतीची कडी कुणी लावली मग? मी पणजोबांच्याच बाजूनं.

माजघर

आई पण. तिनं नाणं परत डब्यात ठेवलंय, घासलेली बाजू खाली करून.

जाता जाता. डब्याच्या तळाला कागदात गुंडाळलेलं अजून एक निघालं. तांब्यासारखं, मोठं, मधोमध भोक. भोकाच्या दोन बाजूंना हत्तीचे सुळे. १० आकडा आहे. राजाचं चित्र नाही.

भिंगवाला

पूर्व आफ्रिका, १० सेंट. मोंबासा-एडन ये-जा होती, त्यातून आलं असणार. साल काय? सालाच्या जवळ एच किंवा के एन आहे का बघा. एच म्हणजे मघाचंच हीटन, के एन म्हणजे किंग्ज नॉर्टन, दोन्ही बर्मिंगहॅमच्या.

माजघर

१९३६. एच आहे.

ढब्बूपैसा

ताई, थांबा. कडेवरचं राजाचं नाव अक्षर अक्षर वाचा. १९३६ मध्ये आठवा एडवर्ड जानेवारीत गादीवर बसला आणि डिसेंबरात उतरला. त्याचा चेहरा असलेली नाणी चलनात आलीच नाहीत. पण भोकाच्या नाण्यावर चेहरा लागत नाही, नुसतं नाव लागतं, म्हणून पूर्व आफ्रिकेची ही भोकाची नाणी त्याच्या नावानं निघाली. जॉर्ज आहे का एडवर्ड?

माजघर

हिरवं जमलंय त्यावर. आई म्हणते जरा चिंच...

ढब्बूपैसा

नाही!!!

माजघर

गंमत केली हो काका. भिंग आणायला भावाला पिटाळलंय. पहिलं अक्षर ई दिसतंय.